विद्येचे विरजण

१

बोरघाटातून आगगाडी धावू लागण्यापूर्वी मुंबईहून पुण्यास जावयाचे म्हणजे बहुधा पनवेलचे बंदर करावे लागे. मुंबईस मचव्यात बसावे, भरती साधून खाडी चढून यावे, पनवेलास उतरावे आणि पुढे बैलगाडीने, तट्टावरून किंवा ऐपत असल्यास पालखीतून घाट गाठावा, असा तो क्रम होता. १८३० साली सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दीत घाटातील गाडीरस्ता खुला झाला, तेव्हापासून तर या गावची वर्दळ फारच वाढली. कंपनी सरकारचे अंमलदार, टपालाच्या थैल्या, व्यापाऱ्यांचा माल, पुस्तकांच्या पेट्या आणि इंग्रजी शिकण्याच्या उमेदीने निघालेले तरुण, सारेच या वाटेने गेले. १८५२ साली येथे नगरपालिका स्थापन झाली, यावरूनही त्या काळचे पनवेलचे महत्त्व ध्यानात येईल. पुढे १८६३ साली घाटातील लोहमार्ग पुरा झाला, वाहतूक कर्जतच्या बाजूने वळली आणि पनवेलचे बंदर निवांत होत गेले. नवी विद्या या गावावरून गेली. पण येथे तिने मुक्काम केला नाही. गावातील मुलास पदवीसाठी दीर्घकाळ मुंबई किंवा पुणेच गाठावे लागे.

आज चित्र पालटले आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पनवेलच्या उंबरठ्याशी नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्याआधी चार महिने, १४ जून २०२५ रोजी, मुंबईत एक समारंभ होऊन पाच परदेशी संस्थांना आपल्या शाखा काढण्याविषयीची इरादापत्रे देण्यात आली. स्कॉटलंडचे ॲबर्डीन, इंग्लंडचे यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ही चार विद्यापीठे, व पाचवी इटलीतील एक कलासंस्था. विमानतळाच्या परिसरात विद्यापीठांचे एक नगरच उभारावयाचे, अशी सरकारची आणि सिडकोची योजना आहे.

ही बातमी आली त्या आठवड्यात वर्गात माझ्या एका विद्यार्थिनीने प्रश्न विचारला. विमानतळासाठी ज्या गावांना उठावे लागले, त्यांपैकी एका गावातील ही मुलगी. ती म्हणाली, "सर, आमचे गाव गेले ते विमानतळासाठी. आता विद्यापीठे येणार म्हणतात. त्यांत आम्हांला जागा असेल का?" मी इतिहासाचा शिक्षक, भविष्य सांगणे हा माझा व्यवसाय नव्हे. वेळ मारून नेण्यापुरते काहीतरी बोललो आणि तास संपला. परंतु प्रश्न मनातून जाईना. परकी विद्या आपल्या दाराशी येण्याचा हा पहिलाच प्रसंग नाही. मागे ती आली तेव्हा कशी आली, तिचे येथे काय झाले आणि आणणारे निघून गेल्यावर मागे काय उरले, एवढे तरी इतिहासाच्या शिक्षकास सांगता आले पाहिजे. तेच येथे सांगण्याचा प्रयत्न करतो.

२

पहिला प्रसंग १८५७ सालचा. १८५४ च्या वुडच्या खलित्यानुसार कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे काढण्याचे ठरले आणि १८ जुलै १८५७ रोजी, उत्तर हिंदुस्थानात बंडाचा वणवा पेटलेला असताना, मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला. नमुना लंडन विद्यापीठाचा होता. ते विद्यापीठ त्या काळी शिकवीत नसे. परीक्षा घेई आणि पदव्या देई. मुंबईचेही तसेच झाले. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये गुरुशिष्य एकत्र राहून जी विद्या करीत, ती येथे आली नाही. आली ती परीक्षेची पद्धत.

या उसन्या नमुन्याचे दृश्य रूप पाहावयाचे असेल तर फोर्टमधील विद्यापीठाच्या इमारती पाहाव्या. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई मनोरा १८७८ साली पुरा झाला. त्याचे आणि शेजारच्या पदवीदान सभागृहाचे शिल्पकार सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट हे लंडनमध्ये बसून नकाशे पाठवीत. मुंबई त्यांनी कधी डोळ्यांनी पाहिली नाही. इमारती देखण्या आहेत, यात शंका नाही. तथापि ज्या गावी विद्यापीठ उभारावयाचे ते गाव न पाहताही ते उभारता येते, ही समजूतही त्या दगडांत चिणली गेली आहे.

भाषेचा वाद याच्याही आधीचा. १८५० च्या सुमारास शिक्षणमंडळात सर अर्स्किन पेरी यांचा आग्रह इंग्रजीचा होता, तर नाना शंकरशेट आणि कर्नल जर्व्हिस यांचे म्हणणे, की सामान्य लोकांपर्यंत ज्ञान न्यावयाचे तर ते देशी भाषांतूनच गेले पाहिजे. उच्च शिक्षणापुरता तरी पेरींचा पक्ष जिंकला. विद्यापीठ निघाल्यावर थोड्याच वर्षांत देशी भाषा वरच्या परीक्षांतून वगळल्या गेल्या, आणि त्यांना पुन्हा स्थान मिळावे म्हणून माधवराव रानडे यांना उत्तरायुष्यात मोठी खटपट करावी लागली. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही, की हे रानडे स्वतः याच विद्यापीठाचे अपत्य. १८६२ साली बी. ए. च्या पहिल्या परीक्षेत जे चौघे उत्तीर्ण झाले, त्यांत रानडे, रामकृष्णपंत भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक होते. ज्या विद्यापीठाने पहिल्याच घासाला असली माणसे दिली, त्यास निव्वळ कारकुनांचा कारखाना म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. मग या कोरड्या परीक्षापद्धतीत जीव कोठून आला?

त्याचे एक उत्तर भांडारकरांच्या चरित्रात सापडते. १८६३ साली गेओर्ग ब्यूलर हा जर्मन पंडित एल्फिन्स्टन कॉलेजात आला. १८६६ साली फ्रान्झ कीलहॉर्न हा दुसरा जर्मन पंडित पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला. या दोघांनी मुंबई संस्कृत ग्रंथमाला सुरू केली, हस्तलिखिते शोधली, आणि हे करताना ते येथील शास्त्र्यांपाशी शिष्यासारखे बसले. कीलहॉर्न यांचा व्याकरणाचा व्यासंग पुण्याच्या शास्त्र्यांच्या सहवासात वाढला. भांडारकरांनी त्याच ग्रंथमालेत भवभूतीचे मालतीमाधव संपादिले. चिकित्सेची पाश्चात्त्य पद्धत आमच्या विद्वानांनी घेतली, आणि पाठशाळांतून मुखोद्गत जपलेली विद्या त्या विद्वानांनी नेली. दोघेही देणारे आणि दोघेही घेणारे.

हा व्यवहार सर्वस्वी न्यायाचा होता असे मात्र नाही. एल्फिन्स्टनमध्ये संस्कृतच्या प्राध्यापकाचे काम भांडारकर हंगामी म्हणून करीत असताना ती कायम जागा विलायतेहून आलेल्या पीटर पीटरसन यांना मिळाली. योग्यतेपेक्षा कातडीचा रंग वरचढ ठरला. परंतु १८८१ साली कीलहॉर्न मायदेशी परतले, तेव्हा डेक्कन कॉलेजातील त्यांच्या जागी भांडारकर आले. १८८५ साली गॉटिंगेन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली आणि १८८६ साली व्हिएन्ना येथील प्राच्यविद्यापरिषदेस ते गेले, ते कोणाचे शिष्य म्हणून नव्हे, तर बरोबरीचे पंडित म्हणून. १९१७ साली पुण्यात त्यांच्या नावाने प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले, आणि पुढे महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे अवाढव्य कार्य त्याने तडीस नेले. परका गुरू गेला आणि त्याच्या आसनावर येथलाच माणूस बसला. परकी विद्या मुरली की नाही, हे ओळखण्याची याहून सोपी कसोटी मला ठाऊक नाही.

आपल्या घरोघरी आया जे करीत आल्या, त्याचीच उपमा येथे द्यावीशी वाटते. शेजारणीकडून चमचाभर विरजण आणावे आणि घरच्या दुधास लावावे. रात्रीतून दूध मुरते, सकाळी दही घरचेच असते, आणि पुढे शेजारणीला द्यावयासही विरजण होते. विकतचे दही आणले तर ते त्या दिवसापुरते. दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकान.

३

दुसऱ्या प्रसंगी परके कोणी आलेच नाही. आली ती एक लहानशी पुस्तिका.

अण्णासाहेब कर्वे तेव्हा पुण्याजवळ हिंगण्यास विधवांचा आश्रम आणि महिला विद्यालय चालवीत होते. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका त्यांच्याकडे आली. ते विद्यापीठ नारुसे जिन्झो या गृहस्थांनी १९०१ साली तोकियोत स्थापिले होते. स्वतः नारुसे अमेरिकेत राहून तेथील स्त्रीशिक्षण पाहून आले होते. म्हणजे अमेरिकेतील विरजण जपानच्या दुधास लागले आणि त्यातले चमचाभर हिंगण्यास आले. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईस भरलेल्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून अण्णांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली, आणि १९१६ साली हाती धरण्यासारखी साधने जवळजवळ नसताना ते विद्यापीठ सुरूही केले.

त्यांनी जपानकडून काय घेतले आणि काय घेतले नाही, हे पाहण्यासारखे आहे. स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ असू शकते, हा धीर त्यांनी घेतला. परंतु शिक्षणाचे माध्यम त्यांनी मातृभाषा ठेविले आणि इंग्रजी हा आवश्यक विषय केला. मुंबई विद्यापीठाने साठ वर्षांत जे केले नव्हते, ते मुरूडच्या या मितभाषी गणितशिक्षकाने पहिल्या दिवसापासून केले. स्वतंत्र अभ्यासक्रम म्हणजे हलका अभ्यासक्रम, अशी टीका तेव्हा झाली. ती सर्वथैव निराधार होती असेही म्हणवत नाही. तरीपण ज्या मुलींना दुसरे कोणतेच दार उघडे नव्हते, त्यांना हे एक उघडले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी आपल्या मातोश्रींच्या नावे १५ लाख रुपयांची देणगी जाहीर केली. इतके होऊनही सरकारने या विद्यापीठास कायद्याने मान्यता दिली ती १९५१ साली. तोपर्यंत पस्तीस वर्षे या संस्थेची पदवी सरकारी नोकरीच्या बाजारात खोटा रुपया ठरत असे.

१९२९ साली, सत्तरी उलटल्यावर, अण्णा जगप्रवासास निघाले. जिनिव्हा येथील शिक्षणपरिषदेत त्यांनी हिंदुस्थानातील स्त्रियांच्या उच्च शिक्षणाच्या प्रयोगाविषयी व्याख्यान दिले, अमेरिकेत हिंडले आणि परत येताना तोकियोस जाऊन ते महिला विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिले. ज्याच्या पुस्तिकेवरून आपण संस्था काढली, ते घर पाहण्यास हा वृद्ध गृहस्थ तेरा वर्षांनी गेला, आणि तेव्हा त्यांच्यापाशी सांगण्यासारखे स्वतःचे असे काहीतरी होते.

याच काळात माणसेही बाहेर जात होती. या बाबतीत बडोद्याचे सयाजीराव महाराज यांची दृष्टी विशेष होती. गोव्यातील साखवाळचे धर्मानंद कोसंबी बौद्ध धर्माच्या शोधात नेपाळ, सिंहलद्वीप आणि ब्रह्मदेश पालथे घालून आले होते. कलकत्त्यातील अधिक पगाराची नोकरी सोडून ते महाराष्ट्रात यावयास तयार झाले, तेव्हा महाराजांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. अट एवढीच, की महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि वर्षाकाठी एक ग्रंथ लिहून द्यावा. पुढे १९१० साली कोसंबी विसुद्धिमग्गाच्या संशोधनासाठी हार्वर्ड विद्यापीठात गेले. शाळेची पायरीही ज्याने धड चढली नव्हती, तो अमेरिकेतील अग्रगण्य विद्यापीठात पंडितांच्या पंक्तीस बसला, आणि परतल्यावर फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागला.

१९१३ साली त्याच महाराजांनी भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधरास दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले. अट होती परतल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी करण्याची. ती अट पाळण्यास ते बडोद्यास आले, तेव्हा या परदेशी पदवीधरास त्या शहरात राहावयास जागा मिळाली नाही, हे सर्वश्रुत आहे. परदेशी विद्यापीठाने ज्यास वर्गात बरोबरीने बसविले, त्यास स्वदेशी समाजाने घरात घेतले नाही. ‘परके’ आणि ‘आपले’ हे शब्द वापरताना आपण किती सावध असावे, याचा हा धडा कधी विसरू नये. त्याच बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली आणि १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले. दिवसा पोटासाठी राबणाऱ्या तरुणांना शिकता यावे म्हणून तेथे वर्ग सकाळी भरत. कोलंबियात आणि लंडनमध्ये मिळविलेली विद्या अशा रीतीने गिरणगावच्या आणि कचेऱ्यांच्या मुलांपर्यंत पोचली.

४

तिसरा प्रसंग स्वतंत्र भारतातला, आणि पनवेलहून खाडीपलीकडचा.

तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणसंस्था देशाच्या चार दिशांस असाव्या, अशी शिफारस नलिनीरंजन सरकार यांच्या समितीने स्वातंत्र्यापूर्वीच केली होती. पहिली संस्था १९५१ साली खरगपूर येथे, ज्या हिजली बंदिशाळेत इंग्रजांनी देशभक्तांना कोंडले होते, तिच्या वास्तूत सुरू झाली. पश्चिमेकडील संस्था मुंबईस काढावयाचे ठरले, तेव्हा यंत्रसामग्री आणि जाणते प्राध्यापक आणावयाचे कोठून, हा प्रश्न होता. युनेस्को या जागतिक संघटनेमार्फत सोव्हिएत रशियाने साह्य देऊ केले, आणि तरुण प्रजासत्ताकाने ते स्वीकारले. त्याच सुमारास मद्रासच्या संस्थेस पश्चिम जर्मनीचे, कानपूरच्या संस्थेस अमेरिकेचे आणि दिल्लीच्या संस्थेस ब्रिटनचे साह्य मिळाले. जगाचे दोन तट एकमेकांवर शस्त्रे रोखून उभे असताना भारताने दोन्ही तटांकडून प्रयोगशाळा मिळविल्या. आणि कोणाच्याही दावणीला तो बांधला गेला नाही. परराष्ट्रनीतीचे पंडित याची चर्चा करोत. शिक्षणाच्या इतिहासात हा प्रसंग चातुर्याचा म्हणूनच नोंदला जाईल.

मुंबईच्या संस्थेचा आरंभ साधाच होता. १९५८ सालच्या जुलैत वरळीस कृत्रिम रेशमाच्या गिरण्यांच्या ‘सस्मिरा’ या संशोधनसंस्थेच्या वास्तूत तिचे पहिले वर्ग भरले. ३,४०० हून अधिक अर्जांतून १०० विद्यार्थी निवडले होते. पवई तलावाच्या काठी राज्यसरकारने ५५० एकर जमीन दिली होती. तेथे १० मार्च १९५९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते कोनशिला बसविण्यात आली. ब्रिगेडियर बोस हे संस्थेचे पहिले संचालक. १९६१ साली संसदेने कायदा करून अशा संस्थांना राष्ट्रीय महत्त्व आणि स्वायत्तता दिली.

आता कराराचा तपशील पाहा. कारण सारे मर्म तेथे आहे. रशियाने यंत्रे दिली, ५९ तज्ज्ञ आणि १४ तंत्रज्ञ पाठविले. परंतु इमारतींचा आणि दरवर्षीचा खर्च भारताने सोसला, संचालक भारतीय राहिला, आणि त्याच योजनेत येथील अध्यापकांना रशियात जाऊन शिकून येण्यासाठी २७ शिष्यवृत्त्या ठेवलेल्या होत्या. म्हणजे आलेल्या तज्ज्ञाची जागा उद्या कोणी घ्यावयाची, याची तरतूद तज्ज्ञ येतानाच केली होती. १९६५ साली दोन्ही देशांत स्वतंत्र करार होऊन हे साह्य आणखी वाढले. मिन्स्क नावाचा भलामोठा रशियन गणकयंत्रसंच पवईस आला, आणि त्यावर येथील कित्येक तरुणांनी त्या नव्या विद्येची मुळाक्षरे गिरविली. पुढे तज्ज्ञ आपापल्या गावी गेले. साह्याचे पर्व संपले. १९९१ साली तर खुद्द सोव्हिएत संघराज्यच नामशेष झाले. पवईची संस्था आहे तेथेच आहे, आणि तिच्या विद्येसाठी आज कोणी मॉस्कोकडे पाहत नाही. भांडारकरांच्या बाबतीत जी कसोटी आपण पाहिली, तिला ती पुरेपूर उतरली.

मात्र नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पवईच्याच प्राध्यापक सुखात्मे आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८७ साली आपल्या पदवीधरांची पाहणी केली. १९७० नंतरच्या दशकात बाहेर पडलेल्यांपैकी शेकडा सुमारे तीस परदेशी स्थायिक झाल्याचे तीत आढळले. दही उत्तम लागले. पण त्यातला मोठा वाटा दुसऱ्याच्या पंक्तीस वाढला गेला. जे येथे राहिले त्यांनी कारखाने, धरणे, अणुभट्ट्या आणि प्रयोगशाळा उभ्या केल्या, हेही तितकेच खरे. पण खाडीच्या या बाजूच्या खेड्यांतून त्या संस्थेत गेलेली मुले शोधू गेल्यास बोटांवर मोजावी लागतील, असे माझ्या एवढ्या वर्षांच्या अनुभवावरून मला वाटते. ज्ञानाची देवाणघेवाण दूरच्या दोन राष्ट्रांत झाली. मधल्या खाडीवर मात्र पूल झाला नाही.

५

आता आजचा प्रसंग. २०१० साली परदेशी शिक्षणसंस्थांविषयीचे एक विधेयक लोकसभेत आले होते. ते कायदा न होताच लयास गेले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणाने हा विचार पुन्हा उचलला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम जाहीर केले. जगाच्या क्रमवारीत एकंदरीने किंवा एखाद्या विषयात पहिल्या पाचशेंत असलेल्या विद्यापीठास येथे शाखा काढता येईल. प्रवेश कोणास द्यावा, शुल्क किती घ्यावे आणि शिक्षक कोण नेमावे, हे तीच संस्था ठरवील. येथील पदवी मूळ गावच्या पदवीच्या तोडीची असली पाहिजे, आणि परदेशातून येणाऱ्या अध्यापकाने निदान एक सत्र तरी येथे राहिले पाहिजे, अशा अटी आहेत. शुल्क वाजवी असावे, असे सांगितले आहे. वाजवी म्हणजे किती, हे सांगितलेले नाही. शिष्यवृत्त्या द्याव्या, अशी अपेक्षा आहे. राखीव जागांचे बंधन मात्र घातलेले नाही.

या योजनेच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. शिकण्यासाठी परदेशी असलेल्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या दहा लाखांच्या वर गेली आहे. वाचकांपैकी कित्येकांनी मुलासाठी किंवा मुलीसाठी कर्ज काढले असेल, राहते घर गहाण ठेवले असेल आणि विमानतळावर डोळे पुसले असतील. तेच शिक्षण पनवेलास मिळाले तर मूल घरी राहील, पैसा देशात राहील आणि येथील संस्थांनाही स्पर्धेमुळे जाग येईल, असे म्हणणारे लोक मूर्ख नाहीत. परके म्हणून त्याज्य मानणे हा आमचा जुना रोग. समुद्रपर्यटनाबद्दल प्रायश्चित्ते देणाऱ्यांच्या वंशजांनी तरी तो पुन्हा अंगी आणू नये.

पण मागील प्रसंगांशी ताडून पाहता एक फरक डोळ्यांत भरतो. कीलहॉर्न येथे राहिले ते शास्त्र्यांसमवेत. अण्णांनी पुस्तिका वाचली, पण संस्था आपल्या पैशाने आणि आपल्या भाषेत काढली. पवईस रशियन आले ते आमच्या संस्थेत पाहुणे म्हणून. आता घर पाहुण्याचे, नियम पाहुण्याचे, आणि आपण तेथे शुल्क देऊन जाणार. त्यात विद्या उत्तम मिळेलही. परंतु उद्या त्या विद्यापीठाच्या चालकांस वाटले, की ही शाखा परवडत नाही, आणि त्यांनी कुलूप लावले, तर मागे काय उरेल? इमारत उरेल. शिक्षक उरतील का? ग्रंथालय उरेल का? येथील एखाद्या महाविद्यालयास त्यांच्या सहवासाने नवा विषय लागला, असे सांगता येईल का? इरादापत्रांतल्या स्वाक्षऱ्यांची शाई वाळण्यापूर्वी हे प्रश्न विचारून घेणे, यात आतिथ्याचा भंग नाही. पवईच्या करारात २७ शिष्यवृत्त्यांची ओळ कोणीतरी आग्रहाने घातली असेलच ना?

शिवाय ही जमीन रिकामी नव्हती. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्यात आल्या. भातशेती, मिठागरे आणि खाडीतली मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी, कोळी आणि इतर कुटुंबांच्या त्या जमिनी. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी योग्य मोबदल्यासाठी लढा दिला. जानेवारी १९८४ मध्ये जासई-नवघर परिसरातील आंदोलनावर गोळीबार होऊन पाच शेतकरी मृत्यू पावले. त्या बलिदानातूनच पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकास परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली आणि आणखी गावे हलली. या भूमीवर जे विद्यामंदिर उभे राहील, ते या लोकांचे ऋण डोक्यावर घेऊनच उभे राहील, मग त्याच्या दारावर नाव स्कॉटलंडचे असो की अमेरिकेचे.

ते ऋण फेडण्याचे मार्ग अवघड नाहीत. पनवेलास रयत शिक्षण संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय आहे. इतरही महाविद्यालये आहेत, आणि ती त्याच १८५७ च्या मुंबई विद्यापीठाशी जोडलेली आहेत. येथील अध्यापकांनी त्या शाखांतून आणि तेथील अध्यापकांनी या महाविद्यालयांतून ठरावीक तास शिकवावे. संशोधक विद्यार्थ्यास एक मार्गदर्शक तिकडचा आणि एक इकडचा असावा. जी गावे उठली त्यांतील मुलामुलींसाठी पूर्ण शुल्काच्या शिष्यवृत्त्या असाव्या, आणि त्या दयेच्या नव्हे, हक्काच्या असाव्या. त्यांचे ग्रंथालय गावातील शिक्षकास उघडे असावे. आणि अभ्यासाचे विषय केवळ व्यापार व संगणक एवढेच नसावे. आमची खाडी, खारफुटी, खारबंदिस्तीची शेती, मिठागरे, आगरी बोली यांचाही अभ्यास तेथे व्हावा. ॲबर्डीन हे समुद्रकाठचे गाव. मासेमारी म्हणजे काय, हे तेथील लोकांस आम्ही समजावून सांगण्याची गरज पडू नये. अशा रीतीने दोघे एकमेकांचे काही शिकू लागले, तर ब्यूलर-भांडारकरांचा योग पनवेलच्या खाडीकाठीही येऊ शकेल. ते झाले नाही, तर बंदर असताना जे घडले तेच विमानतळ असतानाही घडेल: विद्या गावावरून जाईल, गावात उतरणार नाही.

त्या विद्यार्थिनीस मी पुढच्या आठवड्यात हे सारे थोडक्यात सांगितले. भांडारकर सांगितले, अण्णासाहेब सांगितले, बाबासाहेबांचे साडेअकरा पौंड आणि पवईच्या २७ शिष्यवृत्त्याही सांगितल्या. तिने नीट वहीत उतरून घेतले. मग वर पाहून म्हणाली, "सर, त्या वेळी कोणीतरी अट घातली होती. या वेळी कोणी घालणार?"

तिचे समाधान झाले नाही, हे उघड होते. माझेही झालेले नाही. म्हणून तो प्रश्न येथे वाचकांपुढे ठेवला आहे.